आठवड्याला २८० पानं आणि हातात १५ तास: एमएच्या वाचनाचं गणित कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सोलापुरात समाजशास्त्रात एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. मोहोळहून रोज एसटीने येते. चार विषयांचं मिळून आठवड्याला अडीचशे-तीनशे पानं वाचायला सांगतात, बहुतेक इंग्रजी. शिवाय विडी कामगार स्त्रियांवर लघुशोधप्रबंध आहे. रात्री बारापर्यंत वाचते तरी निम्मंही होत नाही, आणि जे होतं ते आठवड्याभरात विसरते. वाचनाचा वेग कसा वाढवू? आणि मागचं राहिलेलं कधी भरून काढू?"

तुम्ही वेगाबद्दल विचारलंय, पण तुमच्या अडचणीत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पानं वेळेपेक्षा जास्त आहेत. इंग्रजी वाक्यात अडकून वेळ जातो. आणि वाचलेलं टिकत नाही. रात्री आणखी एक तास जागल्याने यातली एकही सुटत नाही. तिसरी तर बिघडते, कारण झोप कमी झाली की आठवण आणखी कच्ची राहते. तिघींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी गणित. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे प्रौढ लोक साधा माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला साधारण २४० शब्द वाचतात. शोधनियतकालिकाच्या एका पानात ४०० शब्द धरले तर २८० पानांचे १,१२,००० शब्द होतात, म्हणजे त्या वेगाने न थांबता पावणेआठ तास. पण हा वेग सोप्या मजकुराचा, आणि मातृभाषेतला. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला समाजशास्त्राचं एक इंग्रजी पान समजून घ्यायला सहा मिनिटं लागणं अगदी स्वाभाविक आहे. २८० गुणिले सहा म्हणजे १,६८० मिनिटं, २८ तास. यात टिपणं धरलेली नाहीत. तासिका, एसटी आणि घरचं काम वजा जाता तुमच्याकडे आठवड्याला १५ तास उरत असतील तर २८ तासांचं काम त्यात बसणारच नाही. तुम्ही कमी पडत नाही आहात. हिशेबच जमणारा नाही, आणि हे एकदा नीट कळलं की पुढचे निर्णय शांत डोक्याने घेता येतात.

माझी सहा मिनिटं तुमच्यासाठी खरी असतीलच असं नाही, म्हणून ती स्वतः मोजा. तीन प्रकारचा मजकूर घ्या: पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण, क्षेत्रपाहणीवरचा एक लेख, आणि सिद्धांतावरचा एक लेख. प्रत्येकातली तीन पानं घड्याळ लावून वाचा आणि प्रत्येक पानानंतर एक वाक्य मराठीत लिहा. लिहिता आलं नाही तर ते पान मोजायचं नाही. बहुधा असं दिसेल की पाठ्यपुस्तकाचं पान तीन-चार मिनिटांत होतं आणि सिद्धांताचं दहा-बारा मिनिटं खातं. म्हणून आठवड्याचा बेत पानांत आखू नका, तासांत आखा. "आज ४० पानं" हा बेत सिद्धांताचा लेख समोर आला की मोडतो आणि दिवसभर अपराधी वाटत राहतं.

वेगाने वाचायला शिकवणाऱ्या शिबिरांवर पैसे घालू नका. एका मर्यादेपुढे वेग वाढवला की समज कमी होते. वेग खरा वाढतो तो विषयाचे शब्द आणि वाद ओळखीचे झाल्यावर. वर्षाच्या सुरुवातीला दहा मिनिटं घेणारं पान शेवटी पाच मिनिटांत होतं, ते याचमुळे.

आता मुख्य मुद्दा. दिलेलं सगळं वाचायचं असतं, पण सगळं सारख्या खोलीने वाचायचं नसतं. पदवीपर्यंत एक पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय असते, कारण परीक्षेत कुठलीही ओळ येऊ शकते. एमएला यादी दिली जाते ती वाद कळावा म्हणून. कोण काय म्हणतं, कशाच्या आधारावर, आणि त्याला कोणी विरोध केला. त्यासाठी वाचनाच्या तीन पातळ्या ठेवा. मी त्यांना चाळणं (नजर फिरवून गाभा टिपणं), वेचणं (कामाचे भाग निवडून वाचणं) आणि मुरवणं (पूर्ण वाचून पचवणं) म्हणतो.

२८० पानं म्हणजे सरासरी २२ पानांचे साधारण १३ लेख. त्यातले दोन मुरवायचे. ते मोठे, तीस-तीस पानांचे धरले तर ६० पानांना सहा तास, आणि प्रत्येकाच्या टिपणाला एक तास, असे आठ. पाच लेख वेचायचे, प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. उरलेले सहा चाळायचे, प्रत्येकी दहा मिनिटं, एक तास. एकूण बारा तास वीस मिनिटं. १५ तासांतले अडीच तासांहून थोडे जास्त उरतात, ते आठवून लिहिण्यासाठी आणि शब्दांच्या वहीसाठी. हे तास राखून ठेवा, कारण घाईच्या आठवड्यात पहिला घाला त्यांच्यावरच येतो आणि "विसरते" ही तक्रार तिथेच जन्मते.

चाळणं म्हणजे पानं उलटणं नव्हे. दहा मिनिटांत काय पाहायचं ते ठरलेलं असावं. लेखाचं नाव आणि साल. सारांश. पहिले दोन परिच्छेद. मधली उपशीर्षकं आणि तक्त्यांची शीर्षकं. शेवटचं पान. आणि संदर्भयादीत कोणती आडनावं पुन्हापुन्हा येतात. मग तीन ओळी: प्रश्न काय होता, माहिती कुठून आणली, उत्तर काय दिलं. सालाकडे विद्यार्थी फार कमी पाहतात, आणि लेख छापल्याचं साल व माहिती गोळा केल्याचं साल यांत बरंच अंतर असू शकतं. तुमच्याच विषयात बघा. विडी कामगारांसाठीचा कायदा १९६६चा, कल्याण निधीचा कायदा १९७६चा, आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगारविषयक संहितांमध्ये १९६६चा कायदा सामावला गेला. १९९० सालच्या लेखात "सध्याचा कायदा" असं लिहिलं असेल आणि तुम्ही ते तसंच उतरवलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

वेचताना प्रस्तावना आणि निष्कर्ष पूर्ण वाचा. मधल्या भागात प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. तुमच्या प्रश्नाशी भिडणारा एखादा भाग दिसला तर तेवढा सावकाश, पूर्ण. इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं थांबतो. लेखक आधी इतरांचं मत मांडतो आणि मग ते खोडतो. 'इट इज ऑफन आर्ग्यूड दॅट', 'स्कॉलर्स हॅव सजेस्टेड' अशी सुरुवात दिसली की पुढचं मत बहुधा दुसऱ्याचं असतं. 'हाऊएव्हर', 'येट', 'धिस पेपर आर्ग्यूज' यांच्यानंतर लेखकाचं स्वतःचं येतं. भरभर वाचताना विद्यार्थी पहिलं मत उचलतो आणि लेखकाच्या नावावर खपवतो, म्हणजे लेखक ज्याच्या विरोधात उभा आहे तेच त्याच्या तोंडी घालतो. म्हणून वेचायला बसताना आधी पेन्सिलीने 'हाऊएव्हर'भोवती चौकट करा. बऱ्याच लेखांचा कणा या चौकटींच्या आजूबाजूला सापडतो.

मुरवणं ही खरी मेहनत. दोन बैठका लागतात आणि त्यांच्यात किमान एक रात्र जाऊ द्या. पहिल्या बैठकीत शब्दकोश उघडायचा नाही. अडलेल्या शब्दाभोवती गोल करायचा आणि पुढे जायचं, कारण त्यातले बरेच शब्द पुढच्या दोन-तीन पानांत आपोआप उलगडतात. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार-सहा शब्द मराठीत लिहा. परिच्छेदात काय आहे ते लिहू नका, तो परिच्छेद काय करतोय ते लिहा: "उदाहरण देतो", "आक्षेपाला उत्तर", "व्याख्या बदलतो". दुसऱ्या बैठकीत गोल केलेल्यांपैकी जे शब्द अजूनही अडतात तेवढेच शोधा, मग लेख बंद करा आणि न बघता एक पान मराठीत लिहून काढा. मग लेख उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. जे लाल झालं तेच तुम्हाला समजलं नव्हतं.

हे न बघता लिहिणं विद्यार्थ्यांना फार जड जातं आणि ते टाळतात. पुन्हा एकदा वाचून काढणं जास्त सुखाचं वाटतं, कारण दुसऱ्या वाचनात सगळं ओळखीचं दिसतं. पण ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले होते. तुमची तक्रार नेमकी आठवड्यानंतरची आहे. रंगीत पेनांनी ओळी पिवळ्या करण्याचंही तसंच. नुसतं रंगवण्याचा उपयोग फार थोडा. अर्धं पान पिवळं झालं असेल तर निवड झालेलीच नाही. एका पानावर दोनच ओळींखाली रेघ, एवढं बंधन घाला.

टिपणात आणखी तीन गोष्टी त्याच दिवशी लिहा: लेखाचा पूर्ण तपशील, तुम्ही घेतलेल्या मुद्द्याचा पान क्रमांक, आणि "माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग" हे एक वाक्य. पान क्रमांक राहिला की प्रबंध लिहिताना त्या एका वाक्यासाठी अख्खी दुपार जाते. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह करा. दोन महिन्यांनी तुमचं वाक्य कोणतं आणि लेखकाचं कोणतं हे तुम्हालाच ओळखता येणार नाही, आणि पुष्कळ वाङ्मयचौर्य असंच नकळत होतं. संगणक वापरत असाल तर झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात संदर्भ, पीडीएफ आणि टिपण एकाच जागी राहतं. ऑनलाइन साठवणीची फुकट जागा ३०० एमबी आहे. संदर्भांना ती पुरते, पीडीएफ मात्र आपल्या पेनड्राइव्हवर ठेवा.

आता इंग्रजी. शब्दसंपत्ती हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपली नजर अर्थासाठी वाक्याच्या टोकाकडे धावते. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग यायला हवं, पण शास्त्रीय लेखनात दोघांच्या मध्ये लांबलचक पोटवाक्य येऊन बसतं. 'द विमेन हू रोल बीडीज अ‍ॅट होम अँड हू आर पेड बाय द थाउजंड रिमेन इन्व्हिजिबल' या वाक्यात कर्ता 'द विमेन' आणि क्रियापद 'रिमेन'. मधलं सगळं फक्त "कोणत्या बायका" ते सांगतं. अडलेल्या वाक्यात या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा, तेवढं जोडून वाचा, मग बाकीचं त्यात बसवा. दोन-तीन आठवडे रेघा माराव्या लागतात, पुढे नजर आपोआप ते करते.

दुसरी अडचण भाववाचक नामांची. 'कॅज्युअलायझेशन ऑफ लेबर' असं वाचलं की ते कुठल्यातरी मोठ्या संकल्पनेसारखं डोक्यावरून जातं. त्याचं क्रियापद करा: कोणी, कोणाचं, काय केलं? मालकाने कायम कामगार कमी केले आणि रोजंदारीवर माणसं घेतली. आता तो शब्द तुमचा झाला.

शब्दांसाठी एक वेगळी वही करा, पण सगळे शब्द तिच्यात घालू नका. समाजशास्त्राच्या एका अभ्यासपत्रिकेचं वाचन ठरावीक संज्ञांवर फिरतं. प्रत्येक संज्ञेसमोर मराठी शब्द आणि सोलापुरातलं एक उदाहरण लिहा. 'पीस रेट' म्हणजे नगावर मजुरी, उदाहरण: हजार विड्यांमागे मिळणारे पैसे. 'होम-बेस्ड वर्क' म्हणजे पान-तंबाखू घरी आणून विड्या वळणं. 'एजन्सी' म्हणजे इथे कर्तेपणा, गॅसची एजन्सी नव्हे. हा शब्द ओळखीचा वाटतो म्हणूनच तो जास्त फसवतो. 'डिस्कोर्स'ला चर्चाविश्व, 'हेजिमनी'ला धुरीणत्व. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. आणि कठीण इंग्रजी लेखाला हात घालण्याआधी त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाचा, ती संकेतस्थळावर फुकट मिळते. वीस मिनिटं जातात, पण लेखात शिरताना पायाखालची जमीन ओळखीची असते. मराठीतून समजून घेणं हा कमीपणा नाही. समजायचं ज्या भाषेत डोकं चालतं तिच्यात, आणि लिहायचं परीक्षेच्या भाषेत. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांनी टिपणं त्या भाषेत ठेवली तरी चालतील.

आता कोणता लेख कोणत्या पातळीवर ठेवायचा? इथे तुमच्या प्रबंधाचा प्रश्न कामाला येतो. "सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय घेऊन वाचायला बसलात तर प्रत्येक कागद महत्त्वाचा वाटतो. प्रश्न असा हवा: सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या घरकुलात स्वतःच्या नावावर घर झाल्यावर घरी चालणाऱ्या विडीकामाच्या अटी बदलल्या का? आता चाळणी लागते. घरी चालणारं काम, मजुरी ठरवण्याची पद्धत, ठेकेदार आणि स्त्रियांच्या नावावरची मालमत्ता यांवरचे लेख वेचायचे किंवा मुरवायचे. तंबाखूच्या आरोग्यपरिणामांवरचे लेख चाळायचे. १८८४चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर शहराच्या जुन्या अर्थव्यवस्थेवरच्या एका परिच्छेदासाठी उघडायचं आणि मिटायचं. १८७७ला सुरू झालेली जुनी मिल, १९३०चा मार्शल लॉ हे आपल्या शहराचे अभिमानाचे विषय आहेत, वाचायला घेतले की सुटत नाहीत. पण तुमच्या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. सोलापूरचं नाव दिसलं म्हणून वाचत सुटणं हा स्थानिक विषय घेणाऱ्यांना हमखास भेटणारा सापळा आहे.

कायदा वाचण्याची पद्धत वेगळी, तीही सांगतो. कायदा पहिल्या पानापासून वाचू नका. व्याख्यांचं कलम आधी. १९६६च्या कायद्यात कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी व्यक्तीही 'कामगार' या व्याख्येत धरलेली होती. ही एक गोष्ट कळली की पुढची बरीच कलमं कोणाला लागू होतात ते स्पष्ट होतं, आणि क्षेत्रपाहणीत कोणता प्रश्न विचारायचा तेही.

साहित्य कुठून आणायचं यावर थोडक्यात. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत, बहुतेक प्रकरणवार वेगळ्या फायलींत. तुमच्या विषयाजवळचे दोन प्रबंध शोधा आणि फक्त पूर्वसाहित्याचा आढावा व संदर्भयादी वाचा. तो नकाशा म्हणून वापरा, त्यातली वाक्यं उचलू नका. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५पासून चालू आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. तुमचं महाविद्यालय त्यात येतं का हे ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर केगावच्या विद्यापीठ ग्रंथालयात बसून वाचता येईल का, तेही विचारा. मोहोळहून येताना ते वाटेवरच आहे.

निवड करताना शिक्षकांना विचारा, पण विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. "सर, किती वाचू?" याला "सगळं" हेच उत्तर मिळतं. तेराही लेखांची नावं आणि सारांश बघून झाल्यावर यादी घेऊन जा आणि म्हणा, "मॅडम, यातले हे दोन मी पूर्ण वाचणार आहे, हे पाच निवडून. बरोबर निवडलेत का?" याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं, आणि तुम्ही आधी काम करून आला आहात हेही दिसतं. म्हणून चाळण्याचा एक तास रविवारी सकाळीच उरकायचा. आठवडा सुरू होण्याआधी सगळ्या यादीवरून हात फिरलेला असला पाहिजे.

वेळेचा कस दिवसात सारखा नसतो. मुरवायचा लेख सकाळी, डोकं ताजं असताना. आपल्याकडे मार्च-एप्रिलपासून दुपारी पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली बसून सिद्धांत वाचणं म्हणजे वेळ जाळणं. दुपारी चाळा, संदर्भ नोंदवा, वही नीट करा. एसटीत वाचू नका. धक्क्यांत ओळ सुटते, डोळे दुखतात, आणि मोबाइलवर दोन रकान्यांची पीडीएफ पुढे-मागे सरकवताना मुद्दा हरवतो. एसटी आठवण्यासाठी वापरा. कालच्या लेखाच्या तीन ओळी डोळे मिटून मनात म्हणा, अडलं की चिठ्ठी बघा. जाता-येता मिळून रोजची वीस मिनिटं एवढ्यासाठी पुरेत. झेरॉक्स फक्त मुरवायच्या दोन लेखांची काढा. ६० पानं पाठपोट म्हणजे ३० कागद, बाजूला समास सोडायला सांगा. बाकीचं पडद्यावर चालेल.

चौघींचा गट करता आला तर वेचायचे लेख वाटून घेता येतात. पण दोन नियम पाळा. मुरवायचे लेख प्रत्येकीने स्वतः वाचायचे. आणि वाटून घेतलेल्या लेखाचं टिपण नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही, समोर बसून दहा मिनिटं तोंडी सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. सांगताना जिथे अडखळायला होतं ते तिथल्या तिथे कळतं. नुसती फाइल पाठवायची ठरली की बऱ्याचदा सारांशच शब्द फिरवून येतो, आणि मग चौघींपैकी कोणीच लेख वाचलेला नसतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दलही मी हेच म्हणेन. स्वतः टिपण लिहून झाल्यावर ताडून बघायला ती वापरा. त्यांनी दिलेला एकही संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय प्रबंधात घालू नका. अस्तित्वात नसलेले लेख ती आत्मविश्वासाने सांगतात.

हे सगळं परिस्थितीप्रमाणे बदलतं. अर्थशास्त्रात समीकरणांचा दहा पानी लेख आठवडा घेऊ शकतो. तिथे पानांचा हिशेब फोल आहे आणि वहीत गणित सोडवल्याशिवाय वाचन होत नाही. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला कादंबरी चाळून चालणार नाही, समीक्षा मात्र चाळता येते. इतिहासात मूळ साधनं मुरवायची. तुमच्याकडे १५ऐवजी आठच तास असतील, तर एकच लेख मुरवा आणि दोन वेचा, पण चाळणं सोडू नका. आणि वाचताना डोकं दुखत असेल, ओळी एकमेकींवर चढत असतील, तर आधी डोळे तपासून घ्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मागचं राहिलेलं. ते पूर्ण वाचून भरून काढायचं नाही. मागच्या आठवड्यांचा ढीग आधी उपसायला घेतला की चालू आठवडा त्यात बुडतो आणि ढीग तेवढाच राहतो. राहिलेल्या लेखांची एक यादी करा, प्रत्येकासमोर अभ्यासपत्रिका आणि आठवडा लिहा. रोज एकच लेख, दहा मिनिटं, चाळून तीन ओळी. तीस लेख राहिले असतील तर एका महिन्यात संपतात. चाळताना ज्याच्यावर पुढच्या दोन-तीन लेखकांनी वाद घातलेला दिसेल, किंवा जो तुमच्या प्रबंधाच्या प्रश्नाला भिडेल, त्याच्यापुढे खूण करा. खुणा पाच-सहाच होतील. ते दिवाळीच्या सुट्टीत मुरवा. उरलेल्यांच्या तीन-तीन ओळी तुमच्या वहीत आहेत, आणि त्यातला एखादा लेख परीक्षेआधी पूर्ण वाचावासा वाटला तर तो कशासाठी उघडायचा हे त्या ओळीच सांगतील. येता रविवार यादी करण्यात आणि तिन्ही प्रकारांतली तीन-तीन पानं मोजण्यात घालवा. वाचायला सोमवारी पहाटे बसा.